कोणाशी बोललात?

"लावलास का फोन?" मुजावर मॅडमनी खुर्ची न वळवताच विचारलं.

"लावला," मी म्हणालो.

"मग? काय म्हणाले रक्तपेढीवाले?"

"त्यांचंच माणूस आहे. पासवर्ड चुकतो, म्हणाले. काळजीचं काही नाही."

"बाई की बुवा?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. "विचारलं नाही."

"धन्य रे बाबा. नाव निनाद, आणि आवाज बघ. मांजर जिना उतरतंय वाटतं." त्यांनी एकदा माझ्या टेबलाकडे वळून पाहिलं, हसल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

मी फोन लावलेला नव्हता. तो माझ्या डाव्या हाताशीच होता, काळा, जुन्या घाटणीचा. त्याच्यावर हळदीची पूड बसली होती आणि त्या पुडीवर कुणाच्याही बोटांचा ठसा नव्हता. समोर छापील तक्ता होता : तारीख, संस्था, काय दिसलं, कोणाशी बोललात, काय ठरलं. चौथ्या रकान्यात मी सुबक अक्षरांत लिहिलं, 'रक्तपेढी कार्यालय.' पाचव्यात लिहिलं, 'खात्री केली.' आणि खाली सही केली.

या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेली.

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका अडतीच्या वरच्या मजल्यावर कुलथे सरांची कंपनी होती. खाली सौदे निघत, हमाल पोती उलथत, आणि ती पिवळी पूड जिन्याने वर चढून आमच्या संगणकांच्या पंख्यांत जाऊन बसे. वर आम्ही तिघं दुसऱ्यांच्या संगणकांवर पहारा ठेवत असू. संगणकावर काहीही घडलं की तो स्वतःच एक ओळ लिहून ठेवतो : किती वाजता, कोणत्या खात्याने, काय केलं. या ओळींना लॉग म्हणतात. ज्या संस्थांकडे त्या ओळी वाचणारं कुणी नसे, त्या आपल्या ओळी आमच्याकडे पाठवत. अशा अकरा संस्था होत्या. त्यांत एक साखर कारखाना होता, द्राक्षांचं एक शीतगृह होतं, काही पतसंस्था होत्या, आणि मिरजेतली एक रक्तपेढी होती.

तोवर प्रत्येक संस्थेसाठी वेगळा संगणक होता. अकरा संगणक, अकरा पडदे, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या मुजावर मॅडम. त्या हिवाळ्यात कुलथे सरांनी ठरवलं की सगळ्यांना एकाच मोठ्या व्यवस्थेत आणायचं. घर एक, पण प्रत्येक संस्थेची खोली वेगळी, आणि भिंती अशा की एकीला दुसरीचा श्वासही ऐकू जाऊ नये. ती व्यवस्था उभी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि कंपनीत येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते.

"बिऱ्हाडं अकरा आणि नळ एक," मुजावर मॅडम म्हणत. "पण एकाचं पाणी दुसऱ्याच्या बादलीत पडलं ना, तर सर आपल्या दोघांना खाली हळदीत पुरतील."

पाणी पडलंच. प्रत्येक संस्थेतल्या पहिल्या संगणकाचा अंतर्गत क्रमांक एकच असतो, हे मला ठाऊक होतं. पण दारातच प्रत्येक ओळीवर संस्थेचं नाव उमटवायचं, ते मी एका ठिकाणी विसरलो. एक अख्खी दुपार साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदी रक्तपेढीच्या खोलीत येत राहिल्या.

"निनाद, रक्तपेढीत उसाचा ट्रॅक्टर आलाय रे!" मॅडम ओरडल्या. "भरती करून घेऊ का?"

मी दोन दिवस त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्याच दोन दिवसांत भिंती मात्र पक्क्या केल्या.

भिंतींनंतर नियम आले. कोणती गोष्ट नेहमीची आणि कोणती संशयाची, हे व्यवस्थेला शिकवायचं असेल, तर आधी आपल्याला नेहमीचं काय ते कळायला हवं. त्यासाठी मी रोज सकाळी साडेसातला येऊन एकेक खोली वाचू लागलो. त्या वेळी यार्डात कुणी नसे. माझं तेव्हा कुणाशी फारसं बोलणं नव्हतं. विश्रामबागेत भाड्याची खोली होती, दारात ठेवलेला डबा होता, आणि रविवारी लांज्याहून आईचा फोन येई. एकदा मी मोजलं होतं : सोमवार ते शनिवार मी जेमतेम साठ वाक्यं बोललो होतो, आणि त्यांतली निम्मी 'हो सर' होती.

पण वाचायला माणसं पुष्कळ होती. शीतगृहातलं एक खातं पहाटे पाचला जागं होई. तिथलं घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं, हे मला महिनाभराने कळलं. एका पतसंस्थेतलं कुणीतरी दुपारी दोन ते अडीच नेमाने पत्त्यांचा खेळ उघडी. आणि रक्तपेढीत एसके०४ हे खातं होतं.

एसके०४ सकाळी सात एक्केचाळीसला येई. पासवर्ड चुकवी. पुन्हा चुकवी. तिसऱ्यांदा चुकवी. चौथ्यांदा दार उघडे. मग ओळी येऊ लागत : पिशवी अमुक, रक्तगट नोंदवला, पिशवी तमुक, गट नोंदवला. सावकाश, पंधरा-वीस ओळी. मला वाटे, कुणीतरी थंडीत कुलपाशी उभं आहे, हातात जुडगा आहे, आणि किल्ली सापडत नाही. त्या तीन चुकांची मला सवय झाली. पुढे पुढे त्या चुका म्हणजे कुणीतरी दारात येऊन खाकरल्यासारख्या वाटू लागल्या. सात एक्केचाळीसच्या आत आपण खुर्चीत असलंच पाहिजे, म्हणून मी सायकल जोरात मारू लागलो.

आठ दहाला दुसरं खातं उघडे. व्हीजे०२. ते एकदाही चुकत नसे. ते एसके०४च्या ओळींतून फिरे आणि दोन-तीन ठिकाणी थांबे : पिशवी अमुक, गट बदलला. मग बंद होई. नऊला बाकीचं कार्यालय जागं होई, आणि मग या दोघांचं काही चाले असं कुणाला वाटलंही नसतं. मला त्यात फार शांत असं काहीतरी दिसे. एकाने रांगोळी काढावी आणि दुसऱ्याने ती पुसू न देता एखादी रेघ सरळ करावी, तसं. मी त्या दोघांची चेहऱ्याशिवायची ओळख मनात बाळगून होतो.

कुलथे सरांचा दंडक असा की जे विचित्र दिसेल त्याबद्दल त्या संस्थेला फोन करायचा. "यंत्राला काय वाटतं ते मला सांगू नका," ते म्हणत. "माणूस काय म्हणतो ते लिहा." म्हणून तो तक्ता, आणि म्हणून तो चौथा रकाना. तीन वेळा चुकलेला पासवर्ड हा विचित्रपणाच होता. मला फोन करणं भाग होतं. मी रिसीव्हरकडे दोन दिवस पाहिलं. अनोळखी माणसाने 'कोण बोलतंय?' विचारलं, की मला धड नावही सांगता येत नसे. तिसऱ्या दिवशी मी खोटं लिहिलं, आणि व्यवस्थेत एक अपवाद घातला : एसके०४ चुकलं, तरी इशारा द्यायचा नाही.

पुढच्या आठवड्यांत चुका तीनवरून पाचवर गेल्या, मग सहावर. इशारा येत नव्हता. मी त्या मोजत होतो आणि कुणाला काही सांगत नव्हतो. सांगायचं तर आधी तो रकाना उघडा पडला असता.

गुरुवारी व्यवस्था सुरू करायची होती. दहा वाजता अकराही संस्थांची माणसं येणार होती. कुलथे सरांनी भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यावर अकरा चौकोन. काही बिघडलं तर चौकोन लाल, नाहीतर हिरवा.

त्या दिवशी एसके०४ सात एक्केचाळीसलाच आलं. सहा वेळा चुकलं. मग ओळी सुरू झाल्या. आठ वाजून पाच मिनिटांनी सतरावी ओळ आली आणि खातं थांबलं.

मी आठ दहाची वाट पाहिली.

आठ पंधरा झाले. आठ वीस झाले. खोलीत काही हललं नाही.

कुलथे सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. पडद्याकडे पाहून ते उभेच राहिले. "अकराही हिरवे! वा! मुजावर मॅडम, बघा तरी. आता कुणी कशाला हात लावायचा नाही हं."

"सर," मी म्हणालो.

"काय रे?"

"रक्तपेढीत व्हीजे०२ आलेला नाही."

"रजेवर असेल."

"तो रोज येतो."

"अरे, जे घडलं त्याचा इशारा असतो. न घडलेल्याचा कुठून आणणार?" त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि ते खुर्च्या मांडायला आतल्या खोलीत गेले.

मी पुन्हा ओळी वाचल्या. मागचे सहा आठवडे एकदम उघडले आणि पहिल्यांदाच ते मला रांगोळीसारखे दिसले नाहीत. रोज पंधरा-वीस नोंदी. रोज त्यांतल्या दोन-तीन चुकीच्या. रोज नऊच्या आत कुणीतरी त्या दुरुस्त करी. आज सतरा झाल्या होत्या आणि दुरुस्त करणारं कुणी आलं नव्हतं. एसके०४ भरेल त्या गटाच्या चिठ्ठ्या छापल्या जात, त्या पिशव्यांवर लागत, आणि पिशव्या इस्पितळांत जात. आमच्या पडद्यावर रक्तपेढीचा चौकोन हिरवागार होता. तो हिरवा ठेवण्याची तजवीज मीच करून ठेवली होती.

मी रिसीव्हर उचलला. बोटांना हळद लागली.

घंटा वाजत राहिली. सात, आठ. मी मनात म्हटलं, कुणी उचलला नाही तर बरं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"रक्तपेढी. बोला."

बाईंचा आवाज होता. थोडा घोगरा, घाई नसलेला.

"मी सांगलीहून बोलतोय. कुलथे सरांच्या ऑफिसातून. संगणकाचं..."

"साहेब नऊला येतात."

"साहेब नकोत. मला... व्हीजे०२ आज आले नाहीत का?"

"कोण?"

"व्हीजे०२. एसके०४ नंतर जे येतात. जे दुरुस्त करतात."

पलीकडे एक यंत्र घरघरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"तुम्ही कोण म्हणालात?"

"निनाद लांजेकर."

"आणि तुम्हाला काय माहीत, माझ्यानंतर कोण येतं आणि काय करतं?"

'माझ्यानंतर.' मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "मी नोंदी बघतो. रोज."

"बघता म्हणजे? आम्ही इथं बसलेलं दिसतं तुम्हाला?"

"नाही, नाही. माणसं दिसत नाहीत. नुसत्या ओळी. सात एक्केचाळीसला तुम्ही येता. पासवर्ड चुकतो. मग उघडतं. मग तुम्ही गट भरता. आठ दहाला ते येतात आणि दोन-तीन बदलतात." मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "आज सतरा झाल्या. एकही बदललेली नाही."

"जमदाडे जतला गेलाय," त्या म्हणाल्या. "आई गेली त्याची, काल."

"मग आज...?"

"आज मी एकटीच."

पुढचं त्यांनीच सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं.

"साखरेनं डोळे नेले माझे. रस्ता दिसतो, माणूस दिसतं. यंत्रातनं चिठ्ठी येते ना, तिच्यावरचं बारीक नाही दिसत. ए आणि एबी सारखेच वाटतात. अधिक आणि उणे यांच्यात एक उभी रेघ असते बघा, ती तर नाहीच. आणि त्या मेल्या पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके. काय चुकलं तेही कळत नाही." त्या थांबल्या. "येत्या ऑक्टोबरात निवृत्त होणार होते मी. जमदाडे म्हणाला, बाई, तेवढं मी निभावतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"पेशंटला द्यायच्या आधी जुळवून बघतातच की," त्या म्हणाल्या. ते मला उद्देशून नव्हतं. "लाल पेशी जुळवून बघतात." मग आवाज खाली आला. "प्लाझ्मा नाही बघत."

"आज प्लाझ्मा आहे?"

"चार पिशव्या."

"किती वाजता जातात?"

"लवकर मागितल्यात आज. गाडी खाली उभी आहे."

घड्याळात आठ अडतीस झाले होते. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुजावर मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या.

"कुणाला सांगितलंय तुम्ही हे?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग मला का फोन केलात? साहेबांना करायचा."

"इशारा आला, की ज्याचं खातं त्याच्याशी आधी बोलायचं असतं."

"इशारा आला होता?"

"नाही. मीच बंद करून ठेवला होता."

"का?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते तक्त्यात लिहिण्यासारखं नव्हतं. "तुम्ही रोज येत होता म्हणून."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट आवाज झाला. पावलं गेली. मग लांबून, पण स्पष्ट, तोच घोगरा आवाज ऐकू आला : "ए सदानंद! थांबव गाडी. उतरव ती पेटी. नाही, एकही न्यायची नाही. सगळ्या परत तपासायच्यात. कुणी सांगितलं म्हणजे? मी सांगतेय. आणि साहेबांना घरी फोन लाव."

पावलं परत आली.

"थांबवली," त्या म्हणाल्या. धाप लागली होती त्यांना.

"बाई, मी..."

"रोज साडेसातला येता होय हो तुम्ही ऑफिसात?"

"हो."

"चहा?"

"खालचा गाडा नऊला उघडतो."

"म्हणजे रिकाम्या पोटी बघत बसता आम्हाला." त्या हसल्या असाव्यात, श्वास तसा वाटला. "आता हे लिहावं लागणार ना तुम्हाला?"

"हो. 'कोणाशी बोललात' असा रकाना असतो."

"मग नीट लिहा. एसके बिके लिहू नका. सुलभा कवठेकर. तेवीस वर्षं झाली मला इथं. पूर्ण नाव लिहा."

फोन ठेवल्याचं मला उशिराने कळलं. मी तक्ता ओढला. आजची ओळ भरली आणि चौथ्या रकान्यात ते नाव पूर्ण लिहिलं. मग मागची पानं उलटली, तीन आठवड्यांपूर्वीची ती सुबक अक्षरं शोधली, त्यांवर एक आडवी रेघ मारली, आणि शेजारी लिहिलं : 'कोणाशीही बोललो नव्हतो.' सही केली. मान वर केली, तर कुलथे सर दारात उभे होते. किती वेळ ते कळलं नाही.

त्यांनी तक्ता उचलून दोन्ही ओळी वाचल्या.

"बोलला नव्हतास?"

"नाही सर."

"आणि सही केलीस?"

"हो सर."

"मग आज कसा बोललास?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. तो आणखी पिवळा झाला. "दहा वाजता माणसं येतायत. रक्तपेढीचे डॉक्टर पुढच्या रांगेत बसणार. आणि त्यांच्याच चौकोनाला मी लाल दाखवू म्हणतोस?"

"हो सर," मी म्हणालो. आयुष्यात इतक्यांदा म्हटलेले ते दोन शब्द, पण या वेळी ते मी त्यांच्याकडे बघून म्हटले.

ते पडद्याकडे बघत राहिले. "लाल कर," ते म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा उचलून आत घेऊन गेले.

मी अपवाद काढून टाकला. व्यवस्थेने त्या सकाळच्या सहा चुका मोजल्या आणि चौकोन लाल झाला.

रक्तपेढीचे डॉक्टर त्या सभेला आलेच नाहीत. बाराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. कुलथे सर आतल्या खोलीत उभ्यानेच बोलले. सतरा पिशव्यांतल्या दोन चुकीच्या निघाल्या होत्या. त्यांतली एक प्लाझ्माची होती. सभा व्हायची तशी झाली. दोन पतसंस्थांनी, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत सही टाळली. सर मला त्या दिवशी पुन्हा काही बोलले नाहीत, आणि पुढचे चार महिने माझा प्रत्येक फोन मुजावर मॅडमच्या समोर व्हायचा, असं त्यांनी ठरवून दिलं.

संध्याकाळी मॅडम पर्स आवरत होत्या. जाता जाता त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि फोनकडे बोट केलं.

"आज पुसली गेली हळद."

मी पाहिलं. काळ्या रिसीव्हरवर माझ्या दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे होते.

"त्या दिवशी तू 'लावला' म्हणालास ना, तेव्हाच बघितलं होतं मी. पूड जशीच्या तशी."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, पोराला लाज वाटंल." त्यांनी पर्सची साखळी ओढली. "जमदाडेसारखंच झालं की माझं पण. उद्या त्या तक्त्यात माझी पण एक ओळ घाल."

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला आलो. येण्याची गरज नव्हती. यार्डात धुकं होतं आणि अडतीचं शटर बंद होतं. मी रक्तपेढीची खोली उघडून बसलो. बाई आता येणार नाहीत, ती रिकामी राहणार, हे मला ठाऊक होतं, तरी घड्याळाकडे पाहत होतो.

सात एक्केचाळीसला ओळ आली. एसके०४. खातं उघडलं.

पहिल्याच प्रयत्नात. एकही चूक नाही. चौकोन हिरवा राहिला. व्यवस्थेच्या दृष्टीने गेल्या सहा आठवड्यांतली ती सर्वांत निर्दोष सकाळ होती. तिथे दुसरंच कुणीतरी बसलं आहे, हे एवढ्या मोठ्या यार्डात मला एकट्याला कळत होतं.

मॅडम यायला तास होता. मी रिसीव्हर उचलला.

"हॅलो, रक्तपेढी." कोवळा आवाज, मुलीचा.

"मी सांगलीहून बोलतोय. एसके०४ हे खातं आता कोण वापरतंय?"

"अगं बाई! खरंच आला की फोन!"

"म्हणजे?"

"मी नवीन आहे सर. माझं खातं सोमवारी होणार आहे. तोवर माझं वापर, म्हणाल्या कवठेकर बाई. आणि म्हणाल्या, तू एका फटक्यात उघडशील, आणि लगेच सांगलीहून फोन येईल बघ. मला वाटलं, गंमत करतायत."

"त्या... आहेत का तिथे?"

"नाही सर. काल दुपारीच गेल्या. सगळं आवरून, कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन." कागद हलल्याचा आवाज आला. "एक विचारायला सांगितलंय त्यांनी. फोन आला तरच विचार, म्हणाल्या."

"काय?"

"चहा घेतलात का?"

खिडकीतून खालचा गाडा दिसत होता. त्याच्यावर ताडपत्री दोरीने आवळलेली होती.

"नाही अजून," मी म्हणालो. मग म्हणालो, "दुसऱ्याचं खातं वापरता येत नाही. ते आत्ताच बंद करा. साहेब आले, की त्यांच्याकडून तात्पुरतं खातं घ्या."

"चालेल सर. बाईंना मी संध्याकाळी भेटणारच आहे. काय सांगू?"

मिरज तिथून दहा-बारा किलोमीटर. दर वीस मिनिटांनी बस होती. मी कधी गेलो नाही. त्या आठवड्यात नाही, आणि नंतरच्या तीन वर्षांत, सांगली सोडेपर्यंत, नाही.

"सांगा, की फोन लावला."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं. आणि कोणाशी बोलले म्हणून सांगू?"

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, आणि रिकाम्या खोलीत ते मला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने उमटलं.

मग फोन ठेवला, तक्ता भरला, आणि रक्तपेढीच्या खोलीत शेवटची ओळ उमटताना पाहत बसलो. सात त्रेपन्न. एसके०४. खातं बंद.

त्यानंतर नऊ वाजेपर्यंत तिथे काही हललं नाही.